रूढींतला रोग शोधणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर

खानोलकर हे आडनाव कानी पडले की मराठी रसिकाच्या मनात प्रथम उभे राहतात ते कवी आणि कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर, अर्थात आरती प्रभू. त्यात नवल काहीच नाही. परंतु त्याच आडनावाचे आणखी एक थोर गृहस्थ गेल्या शतकात मुंबईत होऊन गेले. त्यांनी कविता लिहिली नाही, सभा गाजविल्या नाहीत. परळच्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून ते वर्षानुवर्षे बसले आणि आपल्या लोकांना कर्करोग का होतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आपल्याच लोकांच्या पेहरावात, पानाच्या डब्यात आणि विडीच्या धुरात शोधून काढले. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव आजही परके नाही. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. सामान्य वाचकाला मात्र त्यांच्या कार्याची ओळख असावी तितकी नाही.

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. आमच्या करवीरनगरीला या समाजाचा परिचय आहे तो सुरांमुळे. दरबारगायक अल्लादियाखाँसाहेबांची विद्या ज्यांच्या कंठात उतरली त्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर याच समाजातल्या. देवळांच्या सेवेतील गाणे-बजावणे हे ज्यांच्या कपाळी शतकानुशतके लिहिले गेले होते, प्रतिष्ठितांच्या पंक्तीत ज्यांना पान मिळत नव्हते, त्या समाजाने विसाव्या शतकात गायक, शिक्षक, डॉक्टर, शास्त्रज्ञ दिले. खानोलकर त्या पहिल्या पिढ्यांपैकी होत. रूढी माणसाचे काय करू शकते, हा प्रश्न पुढे त्यांच्या शास्त्राचाच विषय झाला. या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह होतो. पण तसे काही त्यांच्या मनात होते असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्यांच्या जन्माच्या वर्षीच, नोव्हेंबरात, जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्या तीन वर्षांत क्यूरी दांपत्याने रेडियम हुडकले. कर्करोगावरील आधुनिक उपचाराचे एक अंग आणि खानोलकर हे असे जवळजवळ समवयस्कच.

वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडनला घेतले. 1923 साली लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या पेशींत कोणते बिघाड होतात त्यांचा अभ्यास. रोग्याची नाडी पाहणाऱ्या, शस्त्र चालविणाऱ्या वैद्याला लोक ओळखतात. गाठीचा कागदाहून पातळ काप काचेवर ठेवून, रंग देऊन, ती गाठ साधी की मारक हे सांगणारा माणूस पडद्याआड राहतो. त्या काळी तर या शाखेकडे वळणारे हिंदी डॉक्टर विरळाच. पैसा व्यवसायात होता, प्रयोगशाळेत नव्हता.

मुंबईत परतल्यावर ते ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवू लागले. हे दुसरे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले किंग एडवर्ड रुग्णालय 1926 साली परळला सुरू झाले. देणगीदारांची अट अशी होती की, तेथील अध्यापकवर्ग हिंदी असावा. सरकारी वैद्यकीय सेवेतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती महत्त्वाच्या जागा असण्याचा तो काळ. हिंदी माणूस संशोधन करू शकतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या पहिल्या प्राध्यापकांवर आपोआपच येऊन पडली होती.

संशोधनाचा विषय तरी कोणता? हिंदुस्थानात शास्त्रज्ञांचे लक्ष असे ते प्लेग, पटकी, हिवताप यांकडे. कर्करोग हा सुधारलेल्या, सुखवस्तू पाश्चात्त्यांचा आजार. हिंदी लोकांना तो क्वचित होतो, अशी समजूत पुष्कळ दिवस प्रचलित होती. शवविच्छेदनाच्या नोंदी तपासणाऱ्या काही हिंदी डॉक्टरांनी 1935 नंतर या समजुतीला धक्का दिला. माणसे तरुणपणीच साथीने मरत असतील तर उतारवयाचा रोग थोडा दिसणारच, एवढाच त्याचा अर्थ. खानोलकरांना ही दृष्टी होती. हवी होती ती साधने.

ती एका दुःखद घटनेतून मिळाली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पाठोपाठ पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या संपत्तीतून उभ्या राहिलेल्या विश्वस्तनिधीने परळला टाटा स्मारक रुग्णालय बांधले आणि 28 फेब्रुवारी 1941 रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्रयोगशाळांचे संचालक म्हणून खानोलकर तेथे गेले. मेहेरबाई या माहेरच्या भाभा. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांच्या आत्या. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

नव्या रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येऊ लागले. विशाखापट्टणकडील कोळी, बिहारी हमाल, कोकणातला गिरणी-कामगार, गुजराती व्यापारी, पारशी गृहिणी असे नाना तऱ्हेचे लोक एकाच छपराखाली. खानोलकरांनी ध्यान दिले ते एका साध्या गोष्टीकडे. गाठ शरीरावर नेमकी कोठे आहे? आणि त्या जागेला हा माणूस रोज काय लावतो, काय घासतो, काय भाजतो?

या विचारसरणीला पूर्वपीठिका होती. लंडनच्या धुराड्यांत शिरून ती साफ करणाऱ्या पोरांना पुढे काजळीमुळे अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने 1775 सालीच दाखवून दिले होते. काश्मिरात थंडीपासून बचावासाठी फिरनाच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. तेथील माणसांच्या पोटावर व मांड्यांवर होणारा कांगडी-कर्करोग मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात नोंदविला होता. खानोलकरांनी हीच दृष्टी साऱ्या देशाला लावली. डॉ. बी. सूर्याबाई यांच्यासमवेत 1945 साली अमेरिकेतील विकृतिशास्त्राच्या मासिकात त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला आणि चालीरीतींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार जगापुढे मांडले.

पहिला प्रकार धोतराचा. आपल्याकडे धोतर कमरेला घट्ट कसून नेसतात, आणि ते वर्षानुवर्षे एकाच रेषेवर. घाम, मळ आणि घर्षण यांनी तेथील कातडीचा रंग उडतो, ती जाड होते, तिला भेगा पडतात. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट एवढ्यावरच थांबते. क्वचित एखाद्याच्या कमरेवरचा जुना व्रण बरा होतच नाही आणि तेथे कर्करोग मूळ धरतो. लुगडे कसून नेसणाऱ्या स्त्रियांतही असे रोगी पुढे आढळले. धोतरासारख्या निरुपद्रवी, किंबहुना आपल्या अभिमानाच्या वस्तूवर असा आळ यावा हे पुष्कळांना रुचले नसेल. पण नाडी किंचित सैल बांधावी आणि जागा बदलत राहावी, एवढाच त्यावरचा उपाय. त्यात धर्म बुडण्यासारखे काही नव्हते.

दुसरा प्रकार चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर गरीब लोक, विशेषतः बायका, जाड चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढतात. वारा सुटला तरी तो विझत नाही आणि कामात हात मोकळे राहतात. त्या उष्णतेने व धुराने टाळू भाजून निघते. एरवी जगात कठीण टाळूचा कर्करोग दुर्मीळ. या टापूत तो नित्याचा. गोव्यातही पेटते टोक तोंडात धरून धुम्टी ओढण्याची चाल होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्यक विभागाने हजारो गोवेकरांची तोंडे तपासून तिच्यावरचा अभ्यास 1976 साली प्रसिद्ध केला. खानोलकरांच्या मूळच्या मुलुखातही त्यांचाच प्रश्न असा जाऊन पोहोचला.

तिसरा प्रकार खैनीचा. तळहातावर तंबाखू आणि चुना मळून ती चिमूट खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवायची. जेथे चिमूट, तेथेच व्रण. याच्या आदल्याच वर्षी, 1944 साली, खानोलकरांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला होता. युरोपात तोंडाचा कर्करोग बहुधा ओठाला वा जिभेला होई. आपल्याकडे तो गालाच्या आतल्या अस्तराला, म्हणजे तंबाखूचा विडा जेथे तासन् तास मुरत पडतो तेथे, अधिक दिसे. विड्याची जागा आणि व्रणाची जागा यांचे नाते असे डोळ्यांनी पाहता येण्यासारखे होते.

यावर आक्षेप निघण्याजोगा होता. हिंदी लोकांच्या रक्तातच काही दोष असेल, वंशपरंपरेने हा रोग येत असेल, असे कोणी म्हणाले असते तर? खानोलकरांनी तीही बाजू सोडली नाही. डॉ. ल. डा. संघवी या आनुवंशिकी-शास्त्रज्ञाला हाताशी धरून त्यांनी मुंबईतल्या, आपसांतच लग्ने करणाऱ्या सहा जातिगटांचे रक्तगट व अन्य आनुवंशिक लक्षणे तपासली. मुंबई शहर म्हणजे या दृष्टीने निसर्गानेच मांडून ठेवलेला प्रयोग होता. हवा एक, पाणी एक. पण आहार, विवाहाचे वय, आचार मात्र प्रत्येकाचे निराळे. सुंता करणाऱ्या मुसलमानांत पुरुषांच्या गुह्येंद्रियाचा कर्करोग जवळपास आढळत नाही, तर इतरांत तो आढळतो. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या. असे फरक रक्ताने उलगडत नाहीत, ते आचारावर बोट ठेवतात. अर्थात रुग्णालयात येणाऱ्यांवरून साऱ्या लोकसंख्येचा हिशेब मांडणे धोक्याचे असते. जो येऊच शकला नाही, गावीच मेला, त्याची गणना कोण करणार? ही उणीव त्या काळच्या सगळ्याच अभ्यासांत आहे. मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग-नोंदणी 1963 साली सुरू झाली तेव्हा कोठे ती भरून निघू लागली.

संघवी, के. सी. राव आणि खानोलकर यांचा तंबाखूवरील निबंध ब्रिटनच्या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात 1955 साली आला. कर्करोगाचे रोगी आणि तो नसलेली माणसे यांच्या सवयींची त्यात तुलना होती. तंबाखू खाणाऱ्याला तोंडाचा, ओढणाऱ्याला घशाचा व जिभेच्या मुळाचा धोका अधिक. दोन्ही व्यसने असणाऱ्याला त्याहून अधिक. विलायतेत सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल यांनी त्याच साप्ताहिकातून 1950 साली दाखविला होता. पण आमचा शेतकरी, हमाल, विणकर सिगारेट ओढत नव्हता. तो विडी ओढत होता. तिची विचारपूस अशा शिस्तीने करणाऱ्या पहिल्यावहिल्या निबंधांत याची गणना होते.

विडी ही वस्तू किती माणसांना बांधून ठेवते, हे आपल्या भागात सांगण्याची गरज नाही. तंबाखू निपाणीचा, आमच्या वेशीवरचाच. पान मात्र येते दूरच्या रानातून. मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातील बैहर तहसील हा असाच एक मुलूख. मैकल डोंगराच्या पठारावरचा, कान्हाच्या जंगलाला लागून असलेला, गोंड आणि बैगा यांच्या वस्तीचा. 1956 पर्यंत या जिल्ह्याची राजधानी आपले नागपूर होते. गोंदियाची बाजारपेठ आजही त्याला जवळची. उन्हाळ्यात रानात दुसरे काम नसते. तेव्हा घरची सगळी माणसे पहाटे निघतात, तेंदूची म्हणजे आपल्या टेंभुर्णीची कोवळी पाने खुडतात, दुपारी सावलीत बसून पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधतात आणि सायंकाळी फडावर नेऊन मोजून देतात. 1964 साली मध्य प्रदेशाने कायदा करून हा व्यापार सरकारच्या ताब्यात घेतला, यावरूनच त्यातली उलाढाल समजावी. त्या पैशांतून पावसाळ्यापूर्वी दाणे आणि कापड घरात येते. पुढे ते पान गोंदिया-भंडाऱ्याकडे, सोलापूर-सिन्नरकडे जाते आणि तेथे हजारो बायका सुपात तंबाखू घेऊन, मान मोडेपर्यंत विड्या वळतात.

तेंदूच्या पानाचा धूर सिगारेटच्या कागदाच्या धुराहून सात्त्विक, ही समजूत खेड्यापाड्यांत फार दृढ आहे. वास्तविक पान कागदाइतके सहज जळत नाही. विडी विझू नये म्हणून ती पुनःपुन्हा जोराने ओढावी लागते आणि धूर खोलवर जातो. बैहरच्या रानातल्या बाईची मजुरी, निपाणीच्या शेतकऱ्याचे पीक, सोलापूरच्या कामगारणीची भाकरी आणि परळच्या खाटेवरचा रोगी, या साऱ्यांना एका दोऱ्यात ओवणारी ही चार आण्यांची वस्तू. खानोलकरांचे शास्त्र रोगाचे कारण सांगू शकत होते. ते कारण दूर केल्यावर या माणसांनी काय करावे, हे शास्त्राच्या कक्षेबाहेरचे होते. आणि ज्यांच्या कक्षेत होते, त्यांनी ते फार काळ दूरच ठेवले.

आता तो मघाचा धागा. होमी भाभा हे मूळचे मूलकणांचे शास्त्रज्ञ. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर होऊन ते कसे विखुरतात, याचे गणित त्यांनी केंब्रिजला तरुणपणीच मांडले. आज कर्करोगाची गाठ शरीरात कोठे दडली आहे ते दाखविणारे जे पेट यंत्र मोठ्या रुग्णालयांतून असते, ते याच पॉझिट्रॉनच्या बळावर चालते. त्या काळी कोणाच्या स्वप्नातही ते नव्हते. प्रश्न होता तो अणुबाँबच्या राखेचा. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर उडविलेल्या हायड्रोजन बाँबची राख जपानी कोळ्यांच्या होडीवर पडली आणि जग हादरले. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी पंधरा राष्ट्रांची शास्त्रीय समिती नेमली. तीवर भारताचे प्रतिनिधी म्हणून खानोलकर गेले. ज्या किरणांनी गाठ जाळता येते त्यांनीच ती उत्पन्नही होते, हे प्रत्यक्ष पाहणारा माणूस तेथे हवाच होता. केरळच्या किनाऱ्यावरील थोरियमयुक्त वाळूत माणसे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. निसर्गतःच किरणोत्सर्ग अधिक असलेल्या अशा जागा जगात थोड्या. तेथील लोकांच्या आरोग्याचा अभ्यास तेव्हापासून सुरू झाला आणि अजून चालू आहे.

दरम्यान 1952 साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले होते आणि खानोलकर त्याचे संचालक होते. टाटा स्मारक रुग्णालय 1957 साली केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि 1962 साली अणुशक्ती विभागाकडे गेले. कर्करोगाचे रुग्णालय अणुशक्तीवाल्यांनी चालवावे याचे बाहेरच्यांना नवल वाटते. भाभांच्या घरचे दुःख, किरणोपचार आणि खानोलकरांची प्रयोगशाळा हे तिन्ही ज्याला ठाऊक आहे त्याला ते वाटणार नाही. 24 जानेवारी 1966 रोजी माँ ब्लांवर विमान कोसळून भाभा गेले. त्याच वर्षी रुग्णालय आणि संशोधन केंद्र एक होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले.

खानोलकरांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींत एक नाव मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावे, ते डॉ. कमल रणदिवे यांचे. पुण्याच्या समर्थ घराण्यातील या विदुषींनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली डॉक्टरेट मिळविली, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन शरीराबाहेर पेशी वाढविण्याची विद्या आणली आणि परळच्या केंद्रात त्या विद्येची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. ज्या काळी स्त्रियांना वैज्ञानिक संस्थांत लेखनिकाची जागा मिळणेही कठीण, त्या काळी सूर्याबाईंचे नाव निबंधावर स्वतःच्या नावाशेजारी छापणारा आणि रणदिव्यांकडे प्रयोगशाळा सोपविणारा प्रमुख लाभणे ही लहान गोष्ट नव्हे.

कुष्ठरोग हा खानोलकरांचा दुसरा ध्यास. रोगाच्या अगदी आरंभी जंतू मज्जातंतूंत शिरतो, हे त्यांनी कातडीच्या बारीक कापांतून दाखविले आणि तो अहवाल 1951 साली निघाला. बापट, रणदिवे व ते स्वतः यांनी 1958 साली कुष्ठाचा जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे जाहीर केले. तो जंतू कुष्ठाचा नसून त्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकी आहे, असे पुढे ठरले. मात्र त्याच्यापासून लस तयार झाली आणि तिच्या चाचण्याही झाल्या. संशोधनात असे दान पडते. अंदाज चुकतो, पण हातात काही उरते.

विकृतिशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटना उभारण्यात त्यांचाच पुढाकार होता. पद्मभूषण हा किताब त्यांना मिळाला. साठीच्या दशकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी सांभाळले. पण ज्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आहे तेच त्यांचे खरे आसन होते. पदांचा तपशील देऊन जागा अडवीत नाही.

तंबाखूविषयीचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर वीस वर्षांनी, 1975 साली, भारत सरकारने धोक्याचा इशारा छापण्याची सक्ती करणारा पहिला कायदा केला. तो केवळ सिगारेटपुरता होता. विडी, खैनी, जर्दा, आपल्या बायका दात घासायला वापरतात ती मिसरी, यांना त्यात हात लावला नव्हता. 29 ऑक्टोबर 1978 रोजी खानोलकर निवर्तले तेव्हाही स्थिती तीच होती. विडीला कायद्याच्या कक्षेत घेणारा कायदा 2003 साली झाला आणि बंडलावर चित्ररूप इशारा येण्यास 2009 चा मे महिना उजाडला. बैहरच्या रानात तेव्हा त्या वर्षीच्या पानांचा हंगाम चालू होता.